महाभियोग म्हणजे हकालपट्टी नव्हे

नाशिकहून एका ताईंनी विचारले आहे: ‘दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या बातम्यांत कुठे महाभियोग झाला, कुठे केला, कुठे चालवला असे वाचले. यातले बरोबर कोणते? आणि १४ डिसेंबर २०२४ ला महाभियोग झालाच होता, तर तिथले लोक पुढे एप्रिलपर्यंत थंडीवाऱ्यात रस्त्यावर कशासाठी बसले होते?’

ताई, क्रियापदाचे नंतर बघू. दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो मुळात तुमचा नाहीच, बातम्या देणाऱ्यांनी तो तुमच्या डोक्यात भरवला आहे. त्या शनिवारी मी स्वतःच्या कानांनी ऐकले: ‘महाभियोग मंजूर, राष्ट्राध्यक्ष पदच्युत!’ कसले पदच्युत? मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारणारे राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल पदच्युत झाले ४ एप्रिल २०२५ ला. मधले १११ दिवस ते राष्ट्राध्यक्षच होते. अधिकार गोठले होते, पद शाबूत होते. २००४ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्युन यांच्यावरचा महाभियोग तिथल्या संसदेने १९३ विरुद्ध २ मतांनी मंजूर केला, घटना न्यायालयाने दोन महिन्यांनी तो फेटाळला आणि साहेब पुन्हा कामावर रुजू झाले. अमेरिकेत अँड्र्यू जॉन्सन, क्लिंटन आणि (दोनदा) ट्रम्प, तिघांवर महाभियोग आला आणि तिघेही सुटले. तरी आमच्याकडे महाभियोग म्हटले की माणूस घरी गेलाच.

‘महा म्हणजे मोठा, अभियोग म्हणजे आरोप’ हे शाळकरी पोरही सांगेल, त्यात वेळ घालवत नाही. (महामोर्चा, महाआघाडी, महासेल इतके झाल्यावर ‘महा’ला काही वजन उरले आहे का, हा प्रश्न वेगळा.) अर्थाची शंका असेल तर कोणत्याही जिल्हा न्यायालयात जाऊन पाट्या वाचा. ‘सहायक सरकारी अभियोक्ता’ अशी एक पाटी हमखास सापडेल. तो गृहस्थ आरोप मांडतो, साक्षीदार तपासतो, कधी जिंकतो, कधी हरतो. तो कुणाला शिक्षा ठोठावत नाही. अभियोक्ता शिक्षा देत नसेल, तर अभियोग म्हणजे शिक्षा कशी होईल?

शब्द जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात असा दंडक आहे की, आपल्यावरचा अभियोग निस्तरल्याशिवाय समोरच्यावर प्रत्यभियोग करू नये. युन यांना हे कुणी वाचून दाखवायला हवे होते, कारण त्यांचा सगळा बचाव म्हणजे प्रत्यभियोगच होता: विरोधकच राष्ट्रद्रोही, संसदच हुकूमशहा, मी फक्त इशारा दिला. बंगालीत हाच ‘अभियोग’ साध्या तक्रारीपर्यंत उतरला आहे. तिकडे भाजीवाल्याबद्दलसुद्धा अभियोग असतो.

पण खरी गंमत संस्कृतात नाही, इंग्रजी ‘इंपीच’मध्ये आहे. त्याचा पीच नावाच्या फळाशी काडीचा संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘पेदिका’ म्हणजे पायातली बेडी किंवा फास. त्यावरून ‘इंपेदिकारे’, म्हणजे पायात बेडी अडकवणे. ते फ्रेंचमध्ये गेले आणि झिजून ‘आंपेशे’ झाले, अर्थ अडवणे. तिथून इंग्रजीत आले आणि १३७६ च्या सुमारास, इंग्लंडच्या संसदेने राजदरबारातल्या लॉर्ड लॅटिमरला आरोपांवरून खेचले तेव्हापासून, त्याला राजकीय धार आली. मुळाशी शब्द ‘पेस’, म्हणजे पाय. आपला ‘पाद’ आणि ‘पद’ तोच. आता मजा बघा. आपल्याकडे पद म्हणजे पाय आणि पद म्हणजे हुद्दा. पदावर बसलेल्या माणसाच्या पदात बेडी, हे इंग्रजांना त्यांच्या शब्दात दिसतही नसेल, आपल्याला मात्र फुकट मिळते.

आणि इथे मी माझा लाडका शब्द पुढे करतो: पायबंद.

पायबंद म्हणजे घोड्याच्या मागच्या पायांना बांधायचा दोर. अगाडी पुढे, पिछाडी मागे, तशातलाच तो. ‘महागाईला पायबंद घाला’ म्हणणाऱ्या पुढाऱ्यांपैकी एकालाही हा घोडा दिसत नसावा. ‘इंपेदिकारे’ आणि ‘पायबंद घालणे’ यांत तसूभर फरक नाही. पाय तोच, बंधन तेच. ‘बंद’ हा आपल्या ‘बंध’चा आणि इंग्रजी ‘बाइंड’चा सख्खा नातेवाईक. एकाच घराण्यातल्या दोन शाखांनी दोन टोकांना तोच शब्द पुन्हा घडवला, आणि आमच्या परिभाषाकारांना तो दाराशी बांधलेला दिसला नाही.

आमचे एक स्नेही संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक आहेत. पायबंद हे नाव काढले की ते नाक मुरडतात. ‘फारसी शब्द! महाभियोगासारखा घडीव शब्द असताना हे उसने कशाला?’ सर, आदर ठेवून सांगतो, उसने कुठले? ‘पाय’ मराठीला ‘पाद’पासून प्राकृताच्या वाटेने थेट मिळाला आहे. फारसी ‘पाय’ त्याचा चुलतभाऊ. पायबंदातला पाय कोणाचा, हे त्या घोड्यालाही सांगता येणार नाही. आणि फारसीचा इतका विटाळ असेल, तर उद्यापासून पायजमा सोडा. ‘महाभियोग’ घडीव आहे हे मान्य, पण ज्याचा अर्थ वाचणाऱ्याला कळत नाही आणि लिहिणाऱ्याला तर मुळीच नाही, तो घडीवपणा घेऊन करायचे काय? त्याच्या पोटातही ‘युज्’ आहे, म्हणजे जुंपणे. ‘जू’ हा शब्द ‘युग’पासून आला, आणि ‘जुंपणे’ही मला त्याच घरचे वाटते. म्हणजे संस्कृतवाल्यांनीही शेवटी जनावरच बांधले आहे. फक्त आम्ही मानेला बांधले, रोमनांनी पायाला.

आता कोरिया. पायबंद हा शब्द तिथे जितका फिट्ट बसतो तितका अमेरिकेतही बसत नाही. अमेरिकेत महाभियोग आला तरी अध्यक्ष रोजच्यासारखा सह्या करत राहतो. कोरियात संसदेचा ठराव राष्ट्राध्यक्षांकडे पोचला की त्यांचे अधिकार तिथल्या तिथे थांबतात आणि पंतप्रधान कारभार बघू लागतात. घोडा तबेल्यातच आहे, खोगीरही पाठीवर आहे, पण एक पाऊल टाकता येत नाही. मग घटना न्यायालय ठरवते: दोर सोडायचा, की स्वाराला खाली उतरवायचे. आणि खाली उतरण्याला मराठीत काय म्हणतात? पायउतार! घोड्यावरून, पालखीतून उतरून पायांवर येणे. आधी पायबंद, नंतर पायउतार. दोन पायऱ्या, दोन शब्द, दोन्हींत पाय, आणि दोन्ही आजीच्या तोंडचे. यापेक्षा स्वच्छ परिभाषा कोणती समिती देणार आहे?

कोरियन लोकांकडे हा भेद आहे, म्हणून तर ते बसून राहिले. संसदेच्या कारवाईला ते ‘थानहेक’ म्हणतात आणि न्यायालयाच्या बडतर्फीला ‘फाम्योन’. (‘थानहेक’ चिनी अक्षरांत लिहिला की पहिल्या अक्षराच्या अंगात धनुष्य दिसते. अर्थ गोळी, गोळी मारणे. आपली जुनी गलोल म्हणजे गोळ्या मारायचे धनुष्यच. तिकडे गलोल, इकडे दोर. यावर खरे तर वेगळे लिहायला हवे.) ३ डिसेंबरच्या रात्री साडेदहाच्या सुमारास युन यांनी टीव्हीवरून मार्शल लॉ पुकारला. खासदार कुंपणावरून चढून संसदेत शिरले आणि १९० विरुद्ध ० मतांनी त्यांनी तो उठवायला लावला. ७ तारखेला पहिला प्रस्ताव आला. ३०० पैकी २०० मते हवी होती, पण सत्ताधारी पक्ष सभागृहातून निघून गेला आणि मतदानच १९५ जणांचे झाले. बाहेर येओइदोच्या, म्हणजे सेऊलमधल्या संसद परिसराच्या, रस्त्यांवर माणसांचा समुद्र होता, आणि आत मते मोजायचीही वेळ आली नाही. त्या रात्रीचा संताप पुढच्या शनिवारी कामी आला, प्रस्ताव २०४ मतांनी मंजूर झाला. तोवर घोषणा थानहेकची होती. त्यानंतर फलक बदलले आणि फाम्योनची मागणी सुरू झाली. रस्त्यावरच्या विशीतल्या पोरींना जो फरक कळत होता तो आमच्या वृत्तनिवेदकांना कळला नाही.

त्या पोरींनी मेणबत्त्यांऐवजी गाण्यांच्या कार्यक्रमातल्या रंगीत दिवेकाड्या आणल्या होत्या. २०१६ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्यावरच्या महाभियोगाच्या वेळी त्यांच्याच पक्षाचा एक खासदार म्हणाला होता, वारा आला की मेणबत्त्या विझतात. तेव्हापासून लोकांनी बॅटरीचे दिवे धरले. पार्क यांचा निकाल ९१ दिवसांत लागला, रोह यांचा ६३. युन यांचा लागेच ना. डिसेंबरात ट्रॅक्टर घेऊन निघालेल्या शेतकऱ्यांना पोलिसांनी सेऊलच्या वेशीवर नामथेरयोंगच्या खिंडीत अडवले, तेव्हा रातोरात शहरातली मुले त्यांच्या सोबतीला जाऊन बसली आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आत शिरले. जानेवारीत बर्फ पडत असताना चंदेरी कागदी पांघरुणे गुंडाळून लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाबाहेर बसले. ताई, ते बसले होते कारण त्यांना शब्दांचा अर्थ माहीत होता. दोर बांधला होता, स्वार उतरला नव्हता. ४ एप्रिलला आठही न्यायाधीशांनी एकमताने ‘फाम्योन’ म्हटले, तेव्हा ते उठले.

एक चीड अजून बाकी आहे. ‘न्यायमूर्तींवर महाभियोग’ हे शीर्षक दर काही महिन्यांनी येते. आपल्या संविधानात महाभियोग राष्ट्रपतींपुरता आहे, कलम ६१. न्यायाधीशांसाठी कलम १२४ मध्ये आहे ते ‘पदावरून दूर करणे’, तिथे महाभियोग हा शब्दच नाही. १९९३ मध्ये न्या. रामस्वामींविरुद्धचा प्रस्ताव लोकसभेत पडला तेव्हापासून ही चूक ऐकतो आहे. कायद्याचे लोकही बिनदिक्कत बोलतात. ‘रूढ झाले आहे’ म्हणे. रस्त्यावर थुंकणेही रूढ आहे.

आणि ब्राझीलवाल्यांनी इंग्रजी ‘इंपीचमेंट’ तसाच उचलला, तरी त्यांचा स्वतःचा ‘इंपेदिमेंतो’ त्याच बेडीवाल्या कुळातला आहेच. तोच शब्द तिथे फुटबॉलमध्ये ऑफसाइडसाठी वापरतात. १९९२ मध्ये महाभियोगाच्या तोंडावर तिथले राष्ट्राध्यक्ष कोलोर यांनी पाठिंबा दाखवायला हिरवे-पिवळे कपडे घाला म्हटले, लोक काळे घालून रस्त्यावर आले.

हो, क्रियापद राहिलेच. प्रस्ताव आणतात, मंजूर करतात. अभियोग लावतात किंवा चालवतात. ‘केला’ नको, ‘झाला’ तर नकोच, कारण काय झाले ते त्यातून कळत नाही. पायबंद मात्र घालतात.

जाता जाता: १४ डिसेंबर २०२४ ला दत्तजयंती होती, म्हणजे सेऊलमध्ये मते मोजली जात होती त्या दिवशी सारंगखेड्याला घोडेबाजार भरला होता. मागच्या पायांच्या दोराला तिकडचे व्यापारी आज काय म्हणतात? पायबंदच, पिछाडी, की आणखी काही? शहादा-दोंडाईचा भागातल्या कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा. प्राध्यापकांना ऐकवायचे आहे.