तळघराच्या भिंतीसाठी सीनियर सिटिझन स्कीम मोडायची का?

काका, मेल नीट वाचला. सुदामा नगरचं घर, तळघराच्या मागच्या काँक्रीट भिंतीला ओल, ठेकेदाराने पीव्हीसी पॅनल, फॉल्स सीलिंग, एसी सगळं धरून 4,80,000 सांगितलेत, मग ते स्टडी लायब्ररीला महिना 18,000 भाड्याने द्यायचं, आणि पैशासाठी दीड वर्षापूर्वीचं 10 लाखांचं सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीमचं (ज्येष्ठांसाठीची सरकारी बचत योजना) खातं मोडायचं का, हा प्रश्न. माझं स्पष्ट मत, मोडू नका.

त्या खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, बंद करायचं तर पूर्ण, आणि दोन वर्षं व्हायच्या आधी बंद केलं की दीड टक्का म्हणजे 15,000 कापतात. वर 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे 20,500 बंद, तुमचा घरखर्च त्यावरच चालतो असं तुम्हीच लिहिलंय.

आता भाडं. कागदावर सव्वादोन वर्षांत पैसे वसूल होतात, पण 27 जुलै 2024 ला दिल्लीत तळघरातल्या लायब्ररीत पाणी शिरून तीन मुलं गेली, हे विसरून हिशोब करता येणार नाही. तुमच्या मंजूर नकाशात तळघर पार्किंग किंवा स्टोअर म्हणून असेल तर तिथे मुलं बसवायचीच नाहीत, भाडं कितीही मिळो. आधी नगर निगममध्ये नकाशा बघा, तोवर ते 18,000 हिशोबात शून्य धरा.

आणि कोटेशनमध्ये भिंतीच्या दुरुस्तीचे किती आहेत बघितलंत का? वॉटरप्रूफ पेंटचे 35,000, बाकी सगळी सजावट. पॅनल लावलं की ओल फक्त दिसायची बंद होते, यायची बंद होत नाही, मागे बुरशी धरते आणि आतल्या सळ्या गंजत राहतात. म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, याला जवळपास काहीच खर्च नाही. प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा, दोन दिवसांनी थेंब भिंतीच्या बाजूला असले तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीच्या बाजूला असले तर हवेतला दमटपणा, त्याला बऱ्याचदा एक्झॉस्ट फॅनही पुरतो. दुसरं म्हणजे ओलीच्या कडेला पेन्सिलने रेघ मारा, नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं ना, तर टाकी भरल्यावर डाग रेघेच्या पुढे सरकला तर बाहेरची जमिनीतली टाकीच गळतेय समजा. पावसातच वाढत असेल तर छताचा पाइप भिंतीच्या बुडाशी सुटतोय का बघा, आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि फुगून भिंतीवर दाब देते.

कारण कळलं की आधी बाहेरचं काम, मग आत पोकळ वाजणारं प्लास्टर काढून गंजलेल्या सळ्या घासायच्या, गंजरोधक अँटी रस्ट लावून पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला) भरायचं, भेगांमध्ये ग्राउटिंग म्हणजे पातळ मसाला दाबाने भरणं, मग क्रिस्टलाइन कोटिंग, म्हणजे काँक्रीटची छिद्रं आतून बुजवणारा लेप. भिंत एक पावसाळा कोरडी राहिली तरच अस्तर, तेही जिप्सम किंवा प्लायचं नको, सिमेंट बोर्ड, जीआय चॅनलवर (जस्त चढवलेल्या लोखंडी पट्ट्यांवर), मागे हवा खेळेल एवढी जागा सोडून.

एवढ्या दुरुस्तीचं वेगळं कोटेशन दोघा जणांकडून घ्या. पैसे तुमच्या 3 लाखांच्या एफडीवर लोन काढून उभे करा, व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं, एफडी शाबूत राहते आणि पेन्शनमधून हळूहळू फिटेल, फक्त पूर्ण मर्यादेपर्यंत काढू नका, आजारपणाला काहीतरी मोकळं हवं. घराच्या विम्यावर विसंबू नका, पूर आला तर क्लेम होतो, हळूहळू मुरलेल्या ओलीचा होत नाही. टॅक्समध्येही, पुढे भाडं सुरू झालं तरी भाड्यावर सरसकट 30 टक्के वजावट मिळते, दुरुस्तीचं बिल वेगळं दाखवता येत नाही.

ठेकेदाराशी बोलताना एक गोष्ट लिहून घ्या, बिलाचे 10 टक्के पहिला पावसाळा गेल्यावर मिळतील. जो याला तयार होत नाही त्याला काम देऊ नका.