हरलेला डाव आधी त्याला सांगू द्या

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. मुलगा दहा वर्षांचा. सुट्टीतल्या बुद्धिबळ स्पर्धेत सातपैकी चार डाव हरला आणि परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसला. घरी पोचताच बाबांनी ते डाव मोबाइलवर इंजिनात, म्हणजे खेळ्या तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये, घालून चुका दाखवल्या. आता तो स्कोअरशीट, म्हणजे डावाच्या खेळ्या लिहिलेला कागद, दप्तरात लपवतो, आणि तुम्ही विचारताय, बुद्धिबळ चालू ठेवावं की बंद करावं?

बंद करू नका. तुम्ही पाठवलेल्या स्कोअरशीटच्या फोटोंवर मी बराच वेळ घालवला. खेळीशेजारी घड्याळाची वेळ लिहायची त्याची सवय फार चांगली आहे. एक डाव २७ खेळ्यांत संपला, तेव्हा मिळालेल्या दीड तासातला त्याच्याकडे तासापेक्षा जास्त वेळ शिल्लक होता! उरलेल्या तीनपैकी दोन डावांतही तेच. फुकटचं प्यादं दिसलं की हात लगेच पुढे, आणि पुढच्याच खेळीला घोड्याचा फोर्क, म्हणजे एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर हल्ला. त्याला फोर्क दिसत नाही असं नाही, जिंकलेल्या डावात त्यानेच एक सुंदर लावलाय. तो घाई करतोय, एवढंच.

इंजिन हे सांगत नाही. ते योग्य खेळी दाखवतं, पण त्या क्षणी पोराच्या मनात काय होतं ते त्याला कुठून कळणार? म्हणून हरल्या दिवशी डावाचा विषयच नको. जेवू द्या, झोपू द्या. दुसऱ्या दिवशी खरा पट मांडा आणि डाव त्याला लावू द्या. बाबांनी समोर बसून एवढंच विचारायचं, "इथे तुला काय वाटलं होतं?" उत्तर चुकीचं असलं तरी मध्ये बोलायचं नाही. जिथे त्याला स्वतःला खटकेल तिथे त्याने पेन्सिलने खूण करायची. इंजिन उघडायचं ते त्यानंतर, आणि तेही त्या खुणेपुरतंच. एका डावातून एकच गोष्ट वहीत लिहायची. सध्या त्याच्यासाठी ती अशी: प्यादं मारण्याआधी हात मांडीवर, आणि मनात प्रश्न, "त्याने हे मला का दिलं?"

जमलं तर डाव संपल्यावर प्रतिस्पर्ध्याबरोबरही दहा मिनिटं बसू द्या. मुलं एकमेकांना मोकळेपणी सांगतात.

गुकेश २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीतला पहिलाच डाव हरला, तोही पांढऱ्या मोहऱ्या असताना. बारावाही हरला. चौदावा जिंकून जगज्जेता झाला. तो पहिला डाव मुलासोबत पटावर लावा, जिंकलेला नंतर.

करिअरचं म्हणाल तर दहाव्या वर्षी चार पराभवांवरून काहीच ठरत नाही. शाळा नीट चालू द्या, वर्षभर मोजक्याच, डावाला भरपूर वेळ देणाऱ्या स्पर्धा खेळवा. कुणी न सांगता तो पट काढतो का, याकडे लक्ष ठेवा आणि पुढच्या सुट्टीत मला कळवा. स्कोअरशीट मात्र मागू नका, त्याची तो काढून देईल तेव्हाच बघा.