स्टेशन आहे, रस्ता नाही : वाचकांचे प्रश्न, भटक्याची उत्तरं

प्रश्न : नमस्कार सर. वय ४१, एमआयडीसीत नोकरी, सह्याद्रीतले बरेच ट्रेक झालेत, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनं पण केलाय. बहीण ग्लासगोला असते, पुढच्या जूनमध्ये तिच्याकडे जायचं ठरतंय. तिकडे कोरूर म्हणून एक रेल्वे स्टेशन आहे म्हणे, जिथं गाडीरस्ताच जात नाही, एकतर ट्रेननं जा नाहीतर पायी. मला पायी जायचंय आणि वाटेत एक रात्र टेंट टाकून झोपायचंय. परमिशन लागते का? मी व्हेज आहे, खायचं काय? आणि आमची मंडळी म्हणतात सोलापुरी चादर घेऊन जा, थंडीच वाजणार नाही. नेऊ का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : चादरीचं आधी सांगतो म्हणजे घरातलं भांडण मिटेल. नेऊ नका. आपली चादर म्हणजे जाडजूड सूत, आणि सूत पाणी पितं. एकदा भिजली की तिकडे दोन दिवस वाळणार नाही, वर वजन दुप्पट. बहिणीला भेट म्हणून न्या, तिच्या घरात हीटर आहे. तुमच्या पाठीवर शून्य अंशापर्यंत चालणारी स्लीपिंग बॅग पायजे, ती पण जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. हाच नियम कपड्यांना, जीन्स आणि कॉटनचे टीशर्ट ग्लासगोलाच ठेवून जा.

आता स्टेशन. कोरूर समुद्रसपाटीपासून ४०८ मीटरवर आहे आणि ब्रिटनच्या मेन लाइनवरचं सगळ्यात उंच स्टेशन म्हणून मिरवतं. ऐकायला भारी वाटतं, पण आपण सोलापूर स्टेशनवर प्लॅटफॉर्मच्या टोकाला पिवळ्या पाटीखाली चहा पीत उभे असतो ना, ते साधारण साडेचारशे मीटरवर आहे! म्हणजे उंचीत आपण जिंकलो. पण कोरूर स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलंड भागात, चहूबाजूंनी ओसाड ओली जमीन, सगळ्यात जवळचा सार्वजनिक रस्ता सोळाएक किलोमीटर लांब, आणि दिवसाला गाड्या मोजून तीन-चार. सह्याद्रीत आपण चुकलो तर खाली उतरलं की कुठलंतरी गाव, धनगरवाडा, निदान एखादं कुत्रं तरी भेटतं. तिथं खाली उतरलात तर अजून चिखल भेटतो.

हे स्टेशन तिथं आलंच कसं, तर वेस्ट हायलंड लाइन १८९४ साली सुरू झाली आणि ती रॅनॉख मूर नावाच्या दलदलीतून काढायची होती. रूळ टाकायचे कशावर, खाली नुसतं पीट, म्हणजे हजारो वर्षं कुजत साठलेलं गवत-शेवाळ, कितीही भर टाका, गिळून टाकायचं. मग मजुरांनी झाडांची मुळं, फांद्या, माती, राख यांचा थर अंथरला आणि त्यावर लाइन अक्षरशः तरंगवली. आणि स्टेशन कशाला, तर तिथल्या इस्टेटीचे मालक सर जॉन स्टर्लिंग-मॅक्सवेल यांच्याकडे हरणाच्या शिकारीला पाहुणे यायचे त्यांच्यासाठी. पाहुणे ट्रेनमधून उतरायचे, घोडागाडीनं लॉख ऑसियन या तळ्यापर्यंत, तिथून छोट्या आगबोटीनं बंगल्यावर. आगबोटीची वाट बघायची जी खोली होती ती आज यूथ हॉस्टेल आहे, स्टेशनपासून दीडेक किलोमीटरवर. शिकार त्यांची, सोय आपली.

रूट म्हणाल तर पहिल्यांदा जाणाऱ्यानं रॅनॉख ते कोरूर करावं. ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून फोर्ट विल्यमची ट्रेन पकडायची, कोरूरच्या आधीच्या रॅनॉख स्टेशनला उतरायचं. थोडं अंतर डांबरी रस्त्यानं पूर्वेला चालायचं आणि मग डावीकडे जुनी वाट लागते, तिला ‘रोड टू द आयल्स’ म्हणतात, पूर्वी गुरं हाकत न्यायची वाट. वाटेत जुन्या कोरूर लॉजचे पडके दगड लागतात, पुढं लॉख ऑसियन दिसायला लागतं आणि मग स्टेशन. सगळं मिळून १७-१८ किलोमीटर. नळीची वाट केलेल्याला चढ काहीच वाटणार नाही. त्रास आहे तो ओलीचा. आपल्याकडे जुलैत भाताच्या खाचरातून चालल्यासारखं, फक्त पाणी बर्फासारखं आणि पाऊल घातल्याशिवाय किती खोल ते कळत नाही. हिरवंगार गुबगुबीत शेवाळ दिसलं की त्यावर पाय देऊ नका, ते पाण्याचं झाकण असतं. एक काठी हवीच, आधी काठी मग पाय.

परमिशनचं विचारलंत, तर लागत नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ चा लँड रिफॉर्म कायदा आहे, त्यानुसार खाजगी मोकळ्या जमिनीवरूनही जबाबदारीनं चालायचा आणि टेंट टाकून राहायचा हक्क सगळ्यांना आहे, मालकाला विचारावं लागत नाही. (आपल्याकडे कुणाच्या बांधावर दहा मिनिटं बसलं तरी कोण रे तू करत येतात.) पण हा हक्क गाडी लावून तिच्याशेजारी तंबू ठोकणाऱ्यांसाठी नाही. टेंट लहान, माणसं थोडी, घरं आणि रस्ते यांच्यापासून लांब, एका जागी दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त नाही. लॉख लोमंडच्या नॅशनल पार्कात मार्च ते सप्टेंबर काही भागांत परमिट लागतं, तुमची ट्रेन त्याच बाजूनं जाते म्हणून सांगतोय, वाटेतच उतरून टेंट लावावासा वाटला तर. आणि इंग्लंडला हा कायदा लागू नाही, तिकडे जाऊन माझं नाव सांगू नका.

शेकोटी अजिबात नको. पीट वाळलं की सरपणासारखं पेटतं, वरची आग विझवली तरी आत धुमसत राहतं. गॅसचा छोटा स्टोव्ह वापरा. स्टोव्ह इथून न्या, पण गॅसचं सिलिंडर विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही, ते ग्लासगोत विकत घ्या, रॅनॉखला उतरून मिळेल या आशेवर राहू नका. सकाळच्या कामासाठी एक खुरपं. पाण्यापासून किमान ३० मीटर लांब खड्डा, नंतर बुजवायचा, कागद पिशवीत परत. पाणी ओढ्याचं घ्या पण उकळून, वर कुठं मेलेलं हरीण पडलंय हे आपल्याला कसं कळणार.

खाण्याचं मात्र तुम्ही सोलापूरचे म्हणून नशीबवान आहात. कडक भाकरी आणि शेंगा चटणी! वजन नाही, शिजवायचं नाही, महिनाभर टिकते. ब्रिटनमध्ये भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, खवा सगळं इथंच ठेवा, पण भाकरी-चटणीला अडचण नाही. एक गोष्ट मात्र मी हात पोळून शिकलोय. भाकऱ्या मी नेहमीसारख्या कागदात गुंडाळून नेल्या. रात्री टेंटमध्ये डबा उघडला तर निम्म्यांचा चुरा आणि उरलेल्या अशा मऊ पडलेल्या की घडी घालून खिशात ठेवाव्या. घरात जी पापडासारखी कट्कन मोडते ती भाकरी तिकडे ओढून तोडली, चामड्यासारखी. शेवटी गरम पाण्यात सूपचं पाकीट टाकलं, त्यात भाकरी कुस्करली, वर चटणी, आणि खरं सांगतो आमटीत कुस्करून खातो तशीच लागली, पातेलं पुसून खाल्लं. तेव्हा प्रत्येक जेवणाची वेगळी झिपवाली पिशवी करा आणि चुरा झाला तर वाईट वाटून घेऊ नका, चुराच करायचाय.

जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो, त्यामुळं चालायला घाई नाही. घाई असते ट्रेनची. आधी कोरूरवरून परतीची गाडी ठरवा, तिच्यापासून उलटं मोजत या, कधी तंबू उठवायचा, कधी रॅनॉखला उतरायचं. मी एकदा सोमवार ते शनिवारचं टाइमटेबल पाठ करून गेलो आणि पोचलो रविवारी. रविवारी गाड्या अजून कमी. चार तास प्लॅटफॉर्मवर बसलो, पाऊस आडवा, समोर दोन हरणं माझ्याकडे बघत उभी. कुणाला दोष देणार, टाइमटेबलवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. स्टेशनातच छोटं रेस्टॉरंट आहे पण ते सीझनपुरतं, उघडं असेल असं धरून चालू नका.

जायच्या आधी घरी एक प्रॅक्टिस करा. गच्चीवर टेंट लावा, आत शिरा आणि पोराला सांगा वरून पाइपनं अर्धा तास पाणी मार. नळाला पाणी यायच्या दिवशीच करा अर्थात. कुठल्या शिवणीतून गळतं ते सोलापुरात कळलेलं बरं.

प्रश्न : माझा मुलगा एडिंबराला शिकतो. तो याच स्टेशनकडे फोर्ट विल्यमच्या बाजूनं एकटाच चालत जाणार म्हणतोय, तेही ऑगस्टमध्ये. तिथं वाघ-बिबटे असतात का? मला झोप लागत नाही.
– एक आई, अक्कलकोट

उत्तर : काकू, वाघ नाही, बिबट्या नाही, अस्वल नाही, लांडगेसुद्धा कित्येक पिढ्यांपूर्वीच संपले. तिथला राक्षस म्हणजे मिज, आपल्या चिलटापेक्षाही बारीक, पण चावतं. ऑगस्टमध्ये भरपूर. वारा पडला आणि संध्याकाळ झाली की ढगच्या ढग येतात, नाकात, कानात, चहात. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी मिळते ती घे म्हणावं, आणि टेंट वाऱ्याच्या जागी लाव, खोलगट आडोशाला नाही. दुसरी गोचीड. गवतातून चालून आलं की रोज रात्री गुडघ्यामागं, काखेत, जांघेत बघायचं, दिसली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, काडेपेटीनं चटका द्यायचा नाही. तिच्यापासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो, नंतर काही दिवसांनी लाल चकती उठली तर डॉक्टरकडे जायचं.

त्याचा रूट सुंदर आहे. ग्लेन नेव्हिसच्या घळीतून, स्टील धबधब्यावरून पुढं, पण रॅनॉखच्या वाटेपेक्षा लांब आणि एकाकी. वाटेत बॉथी लागतात, म्हणजे दगडी झोपडी, कुलूप नाही, भाडं नाही, लाइट नाही, कुणीही यावं आणि राहावं. आपल्या गडावरच्या देवळात आपण पथारी पसरतो ना, तसंच. त्यांची देखभाल १९६५ पासून एक स्वयंसेवी संस्था करते. तरी टेंट सोबत हवाच, आत आधीच दहाजण झोपलेले असू शकतात. ओढ्यांना मोठा पाऊस झाला की पाणी तासाभरात चढतं, गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही, बसून राहायचं, ट्रेन चुकली तर चुकू दे. ऑगस्टपासून शिकारीचा हंगाम जोरात असतो, तेव्हा इस्टेटीनं लावलेल्या पाट्या वाचायच्या आणि पायवाट सोडायची नाही.

मोबाइलला रेंज नसणार बऱ्याच ठिकाणी, हे तुम्ही आधीच मनाशी धरा. त्यानं निघताना तुम्हाला आणि तिथल्या एका मित्राला लिहून द्यावं, कुठून कुठं, कुठल्या दिवशी, कुठली ट्रेन, आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर काळजी करायची. वेळ झाली तर तो मित्र ९९९ ला फोन करून पोलीस मागेल आणि माउंटन रेस्क्यू सांगेल. त्या वेळेच्या आधी मात्र तुम्ही पन्नास फोन करायचे नाहीत, त्याची बॅटरी संपते. कागदी नकाशा आणि होकायंत्र वापरता येतं का विचारा. नसेल येत तर यंदा हॉस्टेलला उतरून तळ्याभोवती फिरून ये म्हणावं.

प्रश्न : दादा, आम्ही चार पोरं, इंजिनिअरिंगला. पासपोर्ट नाय आणि बजेट पण नाय. आपण दूधसागर स्टेशनला रुळावरून चालत जाऊन तिथंच टेंट टाकला तर? सेम फील येईल ना?
– चौघे, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : नाही बे. तिकडे चालायला वाट आहे, रूळ नाहीत. दूधसागरला रूळ हीच वाट, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये बोगदे, आणि घाटात मालगाडीला मागून ढकलायला इंजिनं लावलेली. बोगद्यात शिरल्यावर गाडी आली तर कुठं जाणार आहात? शिवाय रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४७ आहे, विनापरवाना रुळावर गेलं की सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. धबधबा भगवान महावीर अभयारण्यात येतो, तिथं मनाला येईल तिथं तंबू ठोकता येत नाही. पोरं जातात, रील टाकतात, ते मला पण दिसतं.

धबधबा बघायचाच असेल तर कुळेमला उतरा, तिथून सीझनमध्ये वनखात्याच्या परवानगीनं जीप जातात, त्यांनी जा. आणि टेंटची हौस असेल तर चौघांपैकी कुणाचं तरी गावाकडे शेत असेलच. घरच्यांना विचारून, डिसेंबरात, ज्वारी उभी असताना तिथं राहा. जवळच्या छोट्या स्टेशनला पॅसेंजरनं उतरा, सगळं सामान पाठीवर घेऊन गाडीवाटेनं शेतापर्यंत चाला, स्टोव्हवर भात करा, पहाटेच्या दवात टेंट आतून किती ओला होतो ते बघा, आणि सकाळच्या गाडीला वेळेत स्टेशनवर परत या. चौघांपैकी किती जणांची गाडी चुकली ते कळवा.