लाकडी रोलर कोस्टरचं मॉडेल-किट बनवून विकायचंय, ठाण्यात राहतो. स्केल आणि किंमत कशी ठरवू?

आधी स्केल, कारण खर्च तिथेच ठरतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा १९२७ चा 'सायक्लोन' हा रोलर कोस्टर ८५ फूट उंच आहे. १:८७ ला, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान केला, तर तो जेमतेम ३० सेंटीमीटर होतो, पण २,६४० फुटांचा ट्रॅक मात्र सव्वानऊ मीटर! आपल्या टू-बीएचकेत तो ठेवणार कुठे? पहिल्या किटला फक्त पहिली चढण आणि उतार घ्या.

खांबांच्या चौकटी लेझरने कापून घ्या. वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीत चौकशी करा. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) टाळा, पावसाळ्यात कडा फुगतात. बर्च प्लाय बरा. लेझर रेषेच्या जाडीइतकं लाकूड जाळतो, म्हणून खाचा आधी तुकड्यावर तपासा. सैल खाच फेव्हिकॉलने सावरत नाही. ट्रॅक एका जाड पट्टीचा नको, वाकवताना मोडतो. खऱ्या कोस्टरसारख्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवा.

आता किंमत. समजा लाकूड ६००, लेझर ९००, खोका आणि सूचनापत्रक २५०, तुमचे सहा तास २०० च्या दराने १,२००, तूटफूट ३००. झाले ३,२५०. दुकानदार छापील किमतीवर ३० टक्के घेणार म्हणून आपण ३० टक्के चढवून ४,२२५ लावतो आणि फसतो: हाती २,९५७ च येतात. ०.७ ने भागा: ४,६४३, तेही नफ्याविना. नफा धरून साडेपाच हजारांखाली जाऊ नका. आणि हो, स्वतःचे तास फुकट धरू नका, घरचे कितीही म्हणोत की 'छंदच तर आहे'.