मिठाची लादी हातची सोडू नकोस

प्रिय मुली,

पश्चिम आफ्रिकेत इस्लाम कसा पोचला यावरचा तुझा मसुदा वाचला. ‘व्यापाऱ्यांबरोबर इस्लाम सहारा ओलांडून आला’ या वाक्यापाशी तू अडकली आहेस आणि पुढे तलवार की श्रद्धा, असा पेच घालून बसली आहेस. अगं, पेचच चुकीचा आहे. राजे, लढाया, धर्मांतरं सगळं बाजूला ठेव आणि मिठाची एक लादी धर. सहारातल्या ताघाझाच्या मीठखाणीपासून दक्षिणेकडच्या माली राज्याच्या राजधानीपर्यंत ती कुणाच्या हातून कुणाच्या हातात जाते तेवढंच बघ. दर वेळी एकच विचार: या माणसाने त्या माणसावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवला?

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1352 मध्ये ही वाट स्वतः तुडवत गेला, म्हणून सुरुवात त्याच्यापासून कर. सहाराच्या उत्तर काठावरचं सिजिल्मासा ते ताघाझा 25 दिवस. तिथे घरंच काय, मशीदसुद्धा मिठाच्या लाद्यांची, वर उंटाच्या कातड्यांचं छप्पर. झाड औषधालाही नाही, पाणी मचूळ. खाणीत राबतात ते मसूफा या वाळवंटी बर्बर टोळीचे गुलाम. त्यांचा खजूर उत्तरेकडून येतो, धान्य दक्षिणेकडून. एका उंटावर दोन लाद्या. मिठाच्या मशिदीचं नवल करून पुढे पळू नकोस; जिथे काहीच पिकत नाही तिथे खोदणाऱ्याच्या पोटात काय जातं, हे आधी लिही.

खरी कसोटी पुढे आहे. तासरहलाच्या पाणवठ्यावर तांडा तीन दिवस थांबतो. पखाली सांधतात, भरतात आणि त्यांच्यावर जाडंभरडं कापड शिवतात, कारण वाळवंटातला वारा पखालीतलं पाणी उडवून नेतो. मग ‘तक्शीफ’ पुढे धाडतात, म्हणजे वाळवंटाच्या दक्षिण टोकाचं वलाता गाव एकट्याने गाठणारा मसूफा जासूद. त्याच्याजवळ तांड्यातल्यांची पत्रं असतात: आमच्यासाठी घरं बघून ठेवा आणि चार दिवसांच्या अंतरावर पाणी घेऊन सामोरे या. ज्याची वलात्यात ओळख नाही तो तिथल्या सचोटीबद्दल नावाजलेल्या व्यापाऱ्याला लिहितो, आणि तो व्यापारी पाणी पाठवतो. तक्शीफ वाटेत मेला तर गावाला तांड्याची खबरच लागत नाही, आणि तांडा तहानेने मरतो. त्या खेपेला तक्शीफची मजुरी होती 100 मिस्काल सोनं; मिस्काल म्हणजे साधारण सव्वाचार ग्रॅम. वलात्यात उंटभर मीठ 8 ते 10 मिस्कालला जायचं. म्हणजे दहा-बारा उंटांची अख्खी विक्री एका माणसाच्या पायांवर लावलेली.

इथे थांब, घाई करू नकोस. कधी न पाहिलेल्या माणसाला पत्र लिहायचं आणि त्याच्या पाण्यावर जीव टाकायचा, हे कशाच्या आधारावर होतं? दोघांना वाचता येणारी एक लिपी, दोघांना मान्य असलेला एक कायदा, आणि कुणी फसवलं तर दाद मागायला काझी. तू शोधतेस तो इस्लाम या पत्रात आहे. आधी उत्तर आफ्रिकेतल्या ताहर्तच्या इबादी पंथाच्या व्यापाऱ्यांनी हे जाळं विणलं, पुढे मालिकी परंपरेच्या फकिहांनी, म्हणजे कायदेपंडितांनी, घट्ट केलं. किराद नावाचा करार नीट समजून घे: भांडवल एकाचं, प्रवास दुसऱ्याचा, नफा ठरल्या वाट्याने, माल बुडाला तर भांडवलवाल्याचा पैसा जातो, जाणाऱ्याची मेहनत. 10व्या शतकातला प्रवासी भूगोलकार इब्न हौकल 42,000 दिनारांच्या (सोन्याच्या नाण्यांच्या) कर्जाचा साक्षीदारांसह केलेला कागद पाहिल्याचं लिहितो. आपल्याकडची हुंडी डोळ्यांसमोर आण, म्हणजे त्या कागदाचं वजन कळेल.

लादी पुढे ने. वलाता ते राजधानी, नेटाने चाललं तर 24 दिवस, आणि भाव 20 ते 30 मिस्काल, कधी 40. या मिस्कालांचे आजचे रुपये करत बसू नकोस, त्यातून काही हाती लागत नाही.

आणि शतकांची खिचडी करू नकोस! मालीच्या आधीच्या जुन्या घाना राज्याचा (आजचा घाना देश नव्हे) कर (गाढवभर मीठ आत येताना एक दिनार, बाहेर जाताना दोन) भूगोलकार अल-बकरीने 1068 मध्ये लिहिला, तोही अंदालुसियात, म्हणजे मुस्लिम स्पेनमध्ये बसून, ऐकीव माहितीवर. वरचे भाव त्यानंतर जवळजवळ 300 वर्षांचे. तू दोन्ही एकाच परिच्छेदात कोंबलेस. प्रत्येक आकड्यापुढे वर्ष, आणि लिहिणारा तिथे होता की नव्हता, हे मांड.

पण अल-बकरीचा एक तपशील सोन्याचा आहे. घानाचा राजा मुसलमान नव्हता, पण त्याचे दुभाषे, खजिनदार आणि बहुतेक मंत्री मुसलमान होते. मुसलमानांचं गाव वेगळं, 12 मशिदींचं. राजापुढे इतर प्रजा गुडघे टेकून डोक्यावर माती घ्यायची, मुसलमान फक्त टाळ्या वाजवायचे. लादीवरचा कर मोजायला राजाला लिहिणारे हात लागत होते. ते हात त्याने ठेवले आणि आपली श्रद्धाही ठेवली.

मालीचा राजा मान्सा मुसा ‘जगातला सर्वांत श्रीमंत माणूस’ हे वाक्य काढून टाक. 1324 मध्ये तो हजच्या वाटेवर कैरोत आला, आणि 14व्या शतकातल्या अल-उमरी या लेखकाच्या नोंदीप्रमाणे त्याने ओतलेल्या सोन्यामुळे, चांदीच्या 25 दिरहमांच्या खाली न जाणारा सोन्याचा मिस्काल 22 किंवा त्याहून कमीवर उतरला, तो 12 वर्षं तसाच. एवढं लिही, पुरे आहे.

मी धर्माला तागडीत तोलतो असं लोक म्हणतात. म्हणोत. मला उलट वाटतं. श्रद्धेचा आदर करायचा तर ती माणसाच्या रोजच्या व्यवहारात कुठे उपयोगी पडली हे दाखवावं लागतं. नुसतं ‘प्रभाव पडला’ लिहिणं हा आळस आहे, आणि तो मला तुझ्या मसुद्यात बघवत नाही, कारण तुझी नजर चांगली आहे.

तुझा तलवारीचा प्रश्नही लादीच सोडवते. मिठाच्या बदल्यात येणारं सोनं काढणारे लोक मुसलमान नव्हते. अल-उमरी सांगतो की सोन्याच्या गावांवर इस्लाम आणला की सोनं आटतं, हा अनुभव आल्यावर मालीच्या राजांनी त्या लोकांना त्यांच्या धर्मावर सोडलं आणि खंडणीवर भागवलं. हज करणारे राजे हे!

आता परतीचं ओझंही धर, ते तू साफ विसरली आहेस. सोन्याबरोबर माणसंही उत्तरेला जात होती. 1353 मध्ये सहारातल्या ताकेद्दा गावाहून इब्न बतूता ज्या तांड्याबरोबर परतला, त्यात 600 गुलाम स्त्रिया होत्या. ज्या कायद्याने काझी कर्जाचा कागद खरा ठरवत होता, तोच कायदा या विक्रीलाही मान्यता देत होता. पुढच्या मसुद्यात हे दोन्ही एकाच पानावर हवं. तळटीपेत ढकललंस तर मी परत पाठवीन.