हायवेवर रात्री ढाब्यासमोर ट्रक उभे असतात. 'नो पार्किंग'चे बोर्ड लावून अपघात थांबतील का?

नाही, ट्रक आज जिथे थांबतात त्याच ढाब्याजवळ, पण रस्त्यापासून कठड्याने वेगळा केलेला वाहनतळ हवा, आणि तोही दोन्ही बाजूंना, नाहीतर ड्रायव्हर चहासाठी दुभाजक ओलांडणारच. ताशी 80 किमी वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते आणि डिपरच्या (खाली झुकवलेल्या हेडलाइटच्या) उजेडात जेमतेम 40-50 मीटर दिसतं. टेललाइट बंद, रिफ्लेक्टर टेपवर चिखल, असा ट्रेलर दिसेपर्यंत ब्रेकला वेळच उरत नाही. तळावर ट्रक लावायच्या जागांची आखणी तिरकी करा, रिव्हर्स न घेता बाहेर पडता यावं. वळण आणि पुलाचं तोंड टाळा. मात्र उजेड, संडास-अंघोळ आणि पहारा नसेल (डिझेल चोरीची धास्ती मोठी) तर तळ रिकामा आणि साइडपट्टी भरलेली दिसेल.