आम्ल म्हणजे आंबटच का?

दारव्ह्याकडच्या एका काकाजींनी विचारलं आहे : "पोराच्या पुस्तकात लिहेल हाये का एक अमिनो आम्ल रगत साकयू देत नाही, बीपी बी उतरवते. आम्ल म्हंजे आंबटच ना? मंग अंबाडीची भाजी वाढवू का बंद करू?"

काकाजी, शंका रास्त आहे. 'आंबट' काय, 'आंबील' काय, सगळी 'अम्ल'चीच लेकरं. पण रसायनशास्त्रात हा शब्द गेला आणि त्याचा जिभेशी संबंध सुटला. अमिनो आम्लाच्या रेणूत एक गट आम्लाचा, दुसरा आम्लारीचा, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा, असतो. पुस्तकातलं ते आर्जिनीन असणार. ते तर नावालाच आम्ल! त्याच्या द्रावणात तांबडा लिटमस कागद बुडवला की निळा होतो, पापडखारात व्हावा तसा; ही आम्लारीची खूण. शेंगदाण्यात, तिळात ते भरपूर असतं. यातलं आंबट काय आहे सांगा?

शरीर या आर्जिनीनपासून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू करतं. त्याने रक्तवाहिनीचा स्नायू सैल पडतो, नळी रुंदावते, दाब उतरतो. शिवाय प्लेटलेट, म्हणजे रक्त साकळवणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटत नाहीत. या वायूच्या कामाचा छडा लावणाऱ्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. तेव्हा आंबट म्हणून अंबाडी ना वाढवा, ना सोडा. तिच्यात मीठ किती पडतं ते बघा, आणि बीपीची गोळी चुकवू नका.

आता 'साकळणे'. (आपल्याकडे ळचा य होतो, म्हणून तुमचं 'साकयणे'.) तूप थिजते, पाणी गोठते, रक्त साकळते. थिजलेलं तूप उन्हात ठेवा, पातळ होईल. पण सोयाबीन सोंगताना विळा लागतो, बोटावर रक्ताची काळपट गाठ धरते, ती उन्हाने विरघळत नाही, उलट वाळून खपली होते. कारण तिच्यात फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं विणलेलं असतं. लोक सर्रास 'रक्त गोठणे' म्हणतात, म्हणोत बापडे. मला मात्र पुस्तकातला शब्दच नेमका वाटतो.

आणि 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात ना, तोही फसवाच प्रयोग. ती गोळी रक्तात पाणी घालत नाही, फक्त साकळायला आडकाठी करते.